प्रारंभकर्ता कोण? थरांत गुंतलेल्या स्वयंचलित बिल-प्रक्रियेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईतील एका मध्यम आकाराच्या मालवाहतूक कंपनीचे आहे. कंपनीचे मुख्य कार्यालय ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात असून न्हावा शेवा, द्रोणागिरी, कळंबोली आणि तळोजा येथे तिच्या शाखा आहेत. बंदरातून सुटलेला कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर-तळावर, आणि तेथून गिऱ्हाइकाच्या गोदामात पोहोचवणे हे तिचे मुख्य काम. स्वतःच्या गाड्या थोड्या आणि बाहेरच्या ट्रान्सपोर्टरांच्या गाड्या पुष्कळ, त्यामुळे रोज येणारी वाहतुकीची बिले तपासून त्यांचे पैसे वेळेवर देण्यावर कंपनीची बाजारातील पत उभी आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि व्यक्तींचा उल्लेख केवळ त्यांच्या कामावरून केला आहे. या बिल-प्रणालीची देखभाल करणाऱ्या गटात मी होतो.

ही प्रणाली बीपीएमएन २.० या, कामाच्या पायऱ्या आकृतीत मांडण्याच्या पद्धतीने आखलेल्या प्रक्रिया चालवणाऱ्या एका इंजिनावर, म्हणजे सॉफ्टवेअरवर, उभी होती. या पद्धतीत एका प्रक्रियेच्या पोटातून दुसरी स्वतंत्र प्रक्रिया सुरू करता येते आणि तिच्या पोटातून तिसरी. आमच्याकडे सर्वांत वर ‘ट्रान्सपोर्ट बिल’ ही प्रक्रिया होती. शाखेतील कर्मचारी बिल, एलआर (माल गाडीत चढवल्याची पावती) आणि पीओडी (माल पोहोचल्याची पोच) यांच्या प्रती जोडून ती सुरू करीत असे. ती दुसऱ्या थरातील ‘खर्च तपासणी’ सुरू करी. बिलात गाडी खोळंबल्याबद्दलचे डिटेन्शन लावलेले असेल, तर तिसऱ्या थरातील ‘जादा आकार मंजुरी’ सुरू होई. सगळ्या मंजुऱ्या मिळाल्या की ‘पेमेंट’ ही वेगळी प्रक्रिया रात्री बँकेसाठी फाइल तयार करी.

या सर्व मांडणीचा पाया मेकर-चेकरचा साधा नियम होता. ज्याने बिल टाकले त्यानेच ते मंजूर करायचे नाही. हा नियम प्रत्येक मंजुरीच्या पायरीवर एका ओळीच्या तपासणीने बसवलेला होता: मंजुरी देणारा आणि प्रक्रिया सुरू करणारा या दोन व्यक्ती वेगळ्या आहेत का, एवढेच ती पाहत असे. प्रणाली सुरू झाली तेव्हा ही तपासणी आम्ही वरच्या थरावर नीट चालवून पाहिली होती. खालच्या थरांवर ती चालवून पाहण्याचे कोणाच्या मनात आले नाही, कारण ओळ तीच होती.

प्रश्न कसा समोर आला

कंपन्यांच्या लेख्यांविषयीच्या २०१४ च्या नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपनीने वापरायच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा माग राहणे, हिशेबाच्या पुस्तकांतील प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद होणे आणि ही नोंद बंद करता न येणे बंधनकारक झाले. बिल-प्रणाली स्वतः हिशेबाचे पुस्तक नव्हती, परंतु हिशेबात पडणारी प्रत्येक वाहतूक-नोंद तिच्यातून येत असल्यामुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या तपासणीत अंतर्गत लेखापरीक्षकांनी तिच्याकडेही लक्ष वळवले. त्यांनी मागितलेली यादी अगदी साधी होती: डिटेन्शनची रक्कम असलेले प्रत्येक बिल, ते कोणी सुरू केले आणि कोणी मंजूर केले.

यादी काढून दिली तेव्हा तिच्यात तीन प्रकारच्या ओळी निघाल्या. काही ओळींत प्रारंभकर्त्याच्या रकान्यात ‘सिस्टीम’ असे लिहिलेले होते. काही ओळींत शाखेतील कर्मचाऱ्याचे बरोबर नाव होते. उरलेल्या ओळींत मात्र मुख्य कार्यालयातील बिल विभागात काम करणाऱ्या एका ताईंचे नाव होते, आणि त्यांपैकी कित्येक बिले अशी होती की ज्यांची तपासणीही त्यांनीच केल्याचे पुढच्या रकान्यात दिसत होते. कागदावर वाचणाऱ्याला त्याचा एकच अर्थ लागत होता. या बाई स्वतः बिल टाकतात आणि स्वतःच तपासतात.

ताईंना लेखा विभागप्रमुखांनी बोलावून घेतले तेव्हा आमच्या गटातील कोणीही तेथे नव्हते. ही गोष्ट मला आजही लागते. त्यांचे उत्तर मला नंतर समजले: “साहेब, मी बिल तपासते, बिल टाकत नाही. माझ्या स्क्रीनला ते बटणच नाही.” हे वाक्य म्हणजे या प्रकरणातील सर्वांत अचूक तांत्रिक निरीक्षण होते. त्यांच्या भूमिकेला बिल सुरू करण्याचा अधिकारच दिलेला नव्हता, त्यामुळे यादी खरी असणे शक्य नव्हते. तरीही यादी संगणकातून आलेली म्हणून ती खरी आणि समोर बसलेल्या व्यक्तीने आपले म्हणणे सिद्ध करायचे, असे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः आमच्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी एक बिल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. त्या बिलाच्या दिवशी त्या रजेवर होत्या. तपासणी त्यांनी दुसऱ्या दिवशी केली होती. तेथून खरा शोध सुरू झाला.

कारण कोठे होते

एकच दोष असेल असे आम्हांला वाटत होते. निघाले तीन, आणि तिन्हींचे मूळ एकाच समजुतीत होते. प्रक्रिया कोणी सुरू केली हे इंजिनाला आपोआप ठाऊक असते, अशी ती समजूत होती.

इंजिनाला ठाऊक असते ते इतकेच, की या क्षणी या थ्रेडवर, म्हणजे संगणकात चालू असलेल्या कामाच्या या धाग्यावर, कोणती ओळख लावलेली आहे. शाखेतील कर्मचाऱ्याने बटण दाबले की त्याची ओळख त्या थ्रेडवर असते आणि वरच्या प्रक्रियेत त्याचे नाव बरोबर पडते. परंतु मधल्या एखाद्या पायरीला ‘हे काम नंतर पार्श्वभूमीत करा’ अशी खूण केलेली असेल, तर तेथे ते काम डेटाबेसमध्ये एक जॉब म्हणून ठेवले जाते आणि थोड्या वेळाने दुसराच थ्रेड ते उचलतो. त्या थ्रेडवर कोणत्याही माणसाची ओळख नसते. आमच्या आधीच्या गटाने अशा वेळी रिकामे नाव दिसू नये म्हणून ‘सिस्टीम’ हे सर्व्हिस अकाउंट (माणसाचे नव्हे, सॉफ्टवेअरचे खाते) भरण्याची सोय करून ठेवली होती. सोय सद्हेतूने केलेली होती, पण तिने मेकर-चेकरची तपासणी पोकळ करून टाकली. मंजुरी देणारा माणूस ‘सिस्टीम’पेक्षा नेहमीच वेगळा असतो. तपासणी प्रत्येक वेळी चालत होती, प्रत्येक वेळी ‘ठीक’ म्हणत होती आणि काहीच तपासत नव्हती.

दुसरे कारण ताईंच्या नावामागे होते. काही मार्गांवर पार्श्वभूमीची खूण नव्हती. तेथे ताईंनी आपले तपासणीचे काम पूर्ण केले, की त्याच थ्रेडवर, म्हणजे त्यांच्याच ओळखीखाली, पुढची पोट-प्रक्रिया सुरू होई. इंजिनाच्या दृष्टीने ती प्रक्रिया त्यांनीच सुरू केली होती, आणि त्या अरुंद अर्थाने ते खरेही होते. पण यादी वाचणाऱ्याला विचारायचे होते ते बिल कोणी सुरू केले हे.

तिसरे कारण सापडायला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रत्येक थरातील प्रक्रियेत प्रारंभकर्त्याचे नाव ठेवणारे व्हेरिएबल होते आणि तिन्ही थरांत त्याला एकच नाव दिलेले होते. पोट-प्रक्रिया संपताना तिची सर्व व्हेरिएबल्स वरच्या प्रक्रियेकडे परत पाठवण्याची सोय इंजिनात असते, आणि आमच्या आराखड्यात सोपे जावे म्हणून सर्वत्र ‘सर्व परत पाठवा’ असेच लिहिलेले होते. परिणामी तिसऱ्या थरातील ‘सिस्टीम’ दुसऱ्या थरावर चढत होते आणि दुसऱ्या थरातील ताईंचे नाव पहिल्या थरावरील शाखा-कर्मचाऱ्याच्या बरोबर नावाला पुसून टाकत होते. वरच्या थरावर नाव एकदा बरोबर पडते हे आम्ही तपासले होते. ते पुढे टिकते का, हे तपासले नव्हते.

याखेरीज ट्रान्सपोर्टरांसाठी असलेल्या पोर्टलवरून येणारी बिले एका सामाईक अकाउंटने इंजिनापर्यंत पोहोचत होती. तेथे तर माणसाचे नाव पहिल्या पायरीपासूनच हरवलेले होते.

आधी ठरवावी लागलेली व्याख्या

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक बैठक झाली आणि तिच्यात आम्ही अडकलो. आमच्या गटातील एकाने फळ्यावर ‘प्रारंभकर्ता = ?’ असे लिहिले आणि खोलीतील प्रत्येकाचे उत्तर वेगळे निघाले. शाखाप्रमुखांच्या मते बिल ज्या शाखेचे, तिचा प्रमुख हा प्रारंभकर्ता. लेखा विभागाच्या मते ज्याने बटण दाबले तो. पोर्टल सांभाळणाऱ्याच्या मते ट्रान्सपोर्टर. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक करारांची बिले टाइमरने सुरू होत, त्यांच्याबाबत कोणाकडेच उत्तर नव्हते.

येथे मला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ऑडिट यंत्रणेची आठवण झाली आणि ती बैठकीत सांगितल्यावर गाठ सुटायला मदत झाली. लिनक्समध्ये लॉगिन करताना मिळालेली ओळख ‘लॉगिन यूआयडी’ म्हणून नोंदली जाते आणि त्या सत्रातून जन्मणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेला ती वारशाने मिळते. पुढे ‘सुडो’ ही आज्ञा वापरून तो माणूस रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकारांनी काम करू लागला, तरी ही मूळ ओळख तशीच राहते. कोणत्या अधिकाराने काम झाले आणि मुळात दार उघडून आत कोण आला, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८६९३ या टोकन-विनिमयाच्या (टोकन म्हणजे एक प्रकारचे डिजिटल ओळखपत्र) मानकातही हाच भेद आहे: टोकन कोणाविषयीचे आहे हे एका जागी आणि त्याच्या वतीने प्रत्यक्ष कृती कोण करीत आहे हे दुसऱ्या जागी लिहायचे.

आम्ही एका रकान्याचे चार रकाने केले. मूळ प्रारंभकर्ता म्हणजे ज्या माणसाच्या कृतीने हे बिल प्रणालीत आले तो. ही नोंद एकदाच होईल आणि कधीही बदलणार नाही. ‘कोणाच्या वतीने’ हा दुसरा रकाना, कारण कळंबोली शाखेत फोनवर माहिती घेऊन दुसऱ्यासाठी बिल टाकण्याची पद्धत होती आणि ती बंद करणे व्यवहार्य नव्हते. प्रत्यक्ष कर्ता म्हणजे त्या त्या पायरीवर काम करणारा माणूस किंवा सर्व्हिस अकाउंट; तेथे ‘सिस्टीम’ लिहिणे पूर्णपणे योग्य आहे. चौथा रकाना सुरुवातीच्या प्रकाराचा: माणूस, पोर्टल, एक्सेल अपलोड की टाइमर. टाइमरने सुरू झालेल्या बिलाला मूळ प्रारंभकर्ता म्हणून कोणाचेही नाव लावायचे नाही, परंतु ज्याने तो करार प्रणालीत नोंदवला त्याचा कर्मचारी क्रमांक संदर्भासाठी सोबत ठेवायचा, असे ठरले.

ओळख म्हणून नाव किंवा ई-मेल वापरायचा नाही हेही त्याच बैठकीत ठरले. माणूस सोडून गेल्यावर त्याचा ई-मेल पुढे दुसऱ्याला मिळू शकतो, तर कर्मचारी क्रमांक पुन्हा दिला जात नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत स्वस्त होता. इंजिनाच्या इतिहास-नोंदींत प्रत्येक प्रक्रियेची वरची प्रक्रिया कोणती हे लिहिलेले असते. त्या दुव्यांवरून वर चढत मुळाशी जायचे आणि तेथील सुरुवातीचे नाव वाचायचे. प्रक्रियांच्या आराखड्याला हात लावावा लागणार नव्हता आणि जुन्या बिलांसाठीही तो चालला असता. पण त्याची तीन ठिकाणी अडचण होती. पोर्टलवरून आलेल्या बिलांच्या मुळाशीही सामाईक अकाउंटच होते. ‘पेमेंट’ प्रक्रिया पोटातून सुरू न होता निरोपाने, म्हणजे तिला पाठवलेल्या मेसेजने, सुरू होत असल्यामुळे तिचा वरचा दुवा मुळातच नव्हता. आणि इतिहास-नोंदी ठरावीक मुदतीनंतर साफ होत होत्या, त्यामुळे जुन्या बिलाविषयी प्रश्न आला तर उत्तर देणारी नोंदच उरली नसती.

दुसरा पर्याय प्रत्येक पोट-प्रक्रियेला नाव हातोहात पोहोचवण्याचा. हे बरोबर होते, पण ते प्रत्येक आराखडा काढणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर अवलंबून होते. नवा माणूस चौथा थर जोडेल आणि ती एक ओळ विसरेल, तेव्हा कोठेही चूक दिसणार नाही. फक्त नाव रिकामे जाईल. शिवाय व्हेरिएबल बदलता येते, हे तर आम्ही नुकतेच भोगले होते.

तिसरा पर्याय बैठकीत बहुतेकांना आवडला होता आणि त्याला विरोध करताना मला बराच वेळ बोलावे लागले. पार्श्वभूमीतील जॉब चालताना थ्रेडवर मूळ प्रारंभकर्त्याचीच ओळख लावायची, म्हणजे सगळीकडे त्याचेच नाव येईल, अशी ती कल्पना. दिसायला सुटसुटीत. परंतु मग नोंद असे सांगेल, की द्रोणागिरीतील एका कर्मचाऱ्याने रात्री २ वाजता बँकेची फाइल तयार केली. तो तेव्हा घरी झोपलेला आहे आणि बँकेची फाइल तयार करण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता. एक खोटी नोंद पुसण्यासाठी आपण दुसरी खोटी नोंद लिहीत आहोत, आणि या वेळी ती समजून उमजून, हे मान्य करणे मला शक्य नव्हते. त्याला जोडून अधिकारांचा धोका होता. पोट-प्रक्रिया कोणाच्या तरी उसन्या ओळखीने चालू लागली, की त्या माणसाचे सगळे अधिकार तिला मिळतात. तो माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर मधोमध अडकलेले बिल पुढे जातच नाही. ताईंच्या बाबतीत काय झाले हे डोळ्यांसमोर असताना एखाद्याने न केलेले काम त्याच्या नावावर चढवणारी रचना आम्ही करणार नाही, असे मी स्पष्ट म्हणालो आणि लेखा विभागप्रमुखांनी त्याला दुजोरा दिला.

शेवटी निवडलेला मार्ग असा होता, की मूळ नोंद इंजिनाच्या बाहेर एका वेगळ्या तक्त्यात राहील आणि इंजिनात फक्त तिचा क्रमांक फिरेल.

केलेली कामे

बिल प्रणालीत येताच, पहिली प्रक्रिया सुरू होण्याच्याही आधी, मूळ-नोंदीच्या तक्त्यात एक ओळ पडते. तिच्यात वर सांगितलेले रकाने, वेळ आणि बिल क्रमांक असतो. या तक्त्यात भर घालता येते. बदल किंवा खोडणे डेटाबेसच्याच पातळीवर बंद केले आहे. पोर्टलला सामाईक अकाउंट वापरणे चालू ठेवू दिले, पण लॉगिन केलेल्या ट्रान्सपोर्टरचा क्रमांक सोबत आला नाही तर विनंती स्वीकारायचीच नाही असा नियम बसवला.

इंजिनात प्रत्येक प्रक्रिया सुरू होताना आपोआप चालणारा एक सामाईक लिसनर, म्हणजे छोटा कोड, लिहिला. तो वरच्या प्रक्रियेकडून मूळ-नोंदीचा क्रमांक घेतो. निरोपाने सुरू होणाऱ्या प्रक्रियेत हा क्रमांक निरोपातच असावा लागतो. क्रमांक मिळाला नाही, तर प्रक्रिया सुरू न होता थांबते आणि आम्हांला सूचना येते. ‘सिस्टीम’ भरण्याची जुनी सोय काढून टाकली. आराखडा काढणाऱ्याने काहीही लक्षात ठेवण्याची गरज उरली नाही, आणि विसरला तर ते पहिल्याच चाचणीत कळते. ‘सर्व परत पाठवा’ ही खूण सगळ्या आराखड्यांतून काढून परत पाठवायच्या व्हेरिएबल्सची नावे एकेक लिहिली. हे काम कंटाळवाणे होते आणि त्याला ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला.

मेकर-चेकरच्या तपासणीतही बदल झाला, आणि तो चिठ्ठी घेऊन आलेल्या ताईंच्या प्रश्नामुळे. त्यांनी विचारले, “एकाने बिल टाकले, मी त्रुटी काढून परत पाठवले, दुसऱ्याने दुरुस्त करून पुन्हा टाकले, तर तुम्ही अडवणार कोणाला?” आम्ही फक्त पहिल्याला अडवणार होतो. म्हणजे रक्कम बदलून पुन्हा टाकणारा माणूस ती रक्कम स्वतःच मंजूर करू शकला असता. आता तपासणी मूळ प्रारंभकर्ता, ज्याच्या वतीने बिल टाकले तो आणि रक्कम बदलणारा प्रत्येक जण या सर्वांशी मंजुरी देणाऱ्याची तुलना करते.

जॉब अपयशी ठरल्यावर तो पुन्हा चालवणे हे प्रशासकाचे काम असते. तपासताना असे दिसले, की रिट्राय केल्यावर पुढच्या पायऱ्यांवर प्रशासकाचे, म्हणजे कधी कधी माझेच नाव लागत होते. आता ते फक्त प्रत्यक्ष कर्त्याच्या रकान्यात येते.

सर्वांत अवघड निर्णय मधोमध असलेल्या बिलांचा होता. दुरुस्ती बसवण्याच्या दिवशी कित्येक बिले कोणत्या ना कोणत्या थरात थांबलेली होती आणि त्यांना मूळ-नोंद नव्हती. वेब सर्व्हरच्या लॉगवरून वेळ आणि बिल क्रमांक जुळवून त्यांपैकी बहुतेकांचा खरा प्रारंभकर्ता सापडला. उरलेल्यांसाठी ‘शाखेत एकच माणूस बिले टाकतो, त्याचेच नाव घाला’ अशी सूचना आली. ती कदाचित बरोबरही ठरली असती. पण अंदाजाने लिहिलेले नाव पुढे कोणी अंदाज म्हणून वाचत नाही. आम्ही तेथे ‘अनिश्चित’ असे लिहिले आणि अशा प्रत्येक बिलाला मुख्य कार्यालयातील आणखी एका अधिकाऱ्याची मंजुरी लावली.

चाचणीसाठी एकच लांब प्रसंग लिहिला. एक माणूस बिल टाकतो, दुसरा तपासतो, मध्ये पार्श्वभूमीचा जॉब येतो, तो मुद्दाम अपयशी केला जातो, प्रशासक तो पुन्हा चालवतो, टाइमर वाजतो, निरोपाने ‘पेमेंट’ सुरू होते, आणि अगदी शेवटच्या थरात मूळ प्रारंभकर्ता पहिलाच माणूस आहे का हे पाहिले जाते. प्रत्येक नव्या आवृत्तीआधी ही चाचणी चालते.

परिणाम

सुधारलेली यादी पुन्हा काढली तेव्हा ताईंचे नाव प्रारंभकर्त्याच्या रकान्यात एकदाही आले नाही. लेखा विभागप्रमुखांनी तसे लेखी पत्र त्यांना दिले आणि त्याची प्रत त्यांच्या सेवापुस्तिकेत ठेवली. हे पत्र द्यावे असा आग्रह आमच्या गटाने धरला होता, कारण संशय लेखी यादीतून आला होता आणि तो केवळ तोंडी ‘चुकून झाले’ म्हणून मिटवणे पुरेसे नव्हते.

त्याच यादीत एका शाखेच्या प्रमुखाने स्वतः टाकलेल्या बिलांतील डिटेन्शन स्वतःच मंजूर केल्याचे दिसले. तिसऱ्या थरातील पोकळ तपासणीने त्याला अडवले नव्हते. ही बिले सीएफएसच्या गेटवरील आत-बाहेर होण्याच्या वेळांशी ताडून पाहण्यात आली. बहुतेक रकमा योग्य निघाल्या; जेथे फरक होता तेथे पुढील कारवाई कंपनीने आपल्या पद्धतीने केली आणि ती या लेखाचा विषय नाही. नोंद घेण्यासारखी गोष्ट एवढी, की त्या प्रमुखाने कोणतीही युक्ती केली नव्हती. प्रणालीने त्याच्यापुढे काम ठेवले, त्याने ते केले.

दुरुस्तीचा एक परिणाम मात्र आमच्या ध्यानी आला नव्हता. लहान शाखांत बिल टाकणारा आणि डिटेन्शन मंजूर करणारा मुळात एकच माणूस होता. तपासणी खरोखर काम करू लागताच त्या शाखांची बिले तुंबली. ट्रान्सपोर्टरांचे फोन येऊ लागले. एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्या माणसाला गाडीचा हप्ता ठरल्या तारखेला भरावाच लागतो. त्याच्या बिलाचे पैसे आमच्या दुरुस्तीमुळे पुढच्या आठवड्यावर गेले. मुख्य कार्यालयात पर्यायी मंजुरी-अधिकारी नेमेपर्यंत ही स्थिती राहिली.

वेगळे काय करता आले असते

ही तुंबलेली बिले टाळता आली असती. नवी तपासणी पहिले दोन आठवडे न अडवता फक्त नोंद करीत चालवायला हवी होती. कोणत्या शाखेत मेकर आणि चेकर एकच आहे हे त्या नोंदीतून एका दिवसात कळले असते आणि पर्यायी अधिकारी आधी नेमून मग अडवणे सुरू करता आले असते. आम्हांला घाई होती, कारण चूक आमची होती आणि ती लवकर बुजवावी असे वाटत होते. त्या घाईची किंमत ज्यांचा या चुकीशी काही संबंध नव्हता त्यांनी दिली.

यादी लेखापरीक्षकांना देण्यापूर्वी तिच्यातील दोन-चार ओळी त्या त्या माणसाला दाखवायला हव्या होत्या, हे दुसरे. ‘माझ्या स्क्रीनला ते बटणच नाही’ हे पाच मिनिटांत समजले असते. त्याहून मागे गेले, तर ‘प्रारंभकर्ता’ या रकान्याच्या मथळ्यातच दोष होता. तो रकाना प्रत्यक्षात ‘ही पोट-प्रक्रिया सुरू झाली तेव्हा थ्रेडवर असलेली ओळख’ एवढेच सांगत होता. असा मथळा कोणी देणार नाही, पण जो अर्थ नोंदीत नाही तो मथळ्यात घालणे हे आमच्याकडून झालेले पहिले चुकीचे पाऊल होते, आणि ते कोड लिहिण्याच्याही आधीचे होते.

मूळ-नोंदीचा वेगळा तक्ता ठेवण्याचा निर्णय पुन्हा विचारला तरी मी तोच घेईन. त्याने एक जास्तीची गोष्ट सांभाळावी लागते, तिची बॅकअपची वेळ वेगळी आहे आणि इंजिनाची आवृत्ती बदलताना दोन्ही जुळवून घ्यावे लागतात. तरी इतिहास-नोंदी साफ झाल्यावरही बिल कोणी टाकले हे सांगता येते, आणि उद्या इंजिनच बदलले तरी ही माहिती त्याच्याबरोबर जाणार नाही.

अजून न सुटलेला भाग

‘पेमेंट’ प्रक्रिया रात्री अनेक बिले एकत्र करून बँकेची एकच फाइल तयार करते. एकाच ट्रान्सपोर्टरची पाच बिले असतील तर त्याला एकच रक्कम जाते आणि तिला एकच यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) मिळतो. ती पाच बिले पाच वेगळ्या माणसांनी टाकलेली असू शकतात. या फाइलचा मूळ प्रारंभकर्ता कोण, याचे एका नावात उत्तर नाही, म्हणून तेथील रकाना आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला आहे आणि यूटीआर क्रमांकावरून प्रत्येक बिलाच्या मूळ-नोंदीपर्यंत जाणारी यादी सोबत जोडली आहे. एखादी रक्कम बँकेकडून परत आली आणि ती अर्धीच पुन्हा पाठवावी लागली, तर ही यादी हाताने जुळवावी लागते. महिन्याच्या अखेरीस लेखा विभागातील दोघे जण ते काम करतात, आणि ते काम त्यांच्या हातून कसे काढून घ्यायचे यावर आमच्या गटात सध्या विचार चालू आहे.